न कापिलेल्या आठ पानांची बखर

ज्यास सर्वांचा शेवट ठाऊक असून जो सांगत नाही त्या विघ्नहर्त्यास प्रथम नमन, आणि ज्याने आरंभ केला त्या ग्रंथकर्त्यास दुसरे नमन, आणि पुढे काय जाहले हे ऐकल्यावाचून ज्यांस घास गोड लागत नाही त्या श्रोत्यांस तिसरे. ग्रंथारंभशके सव्विसावे, विलंबी नाम संवत्सर, ते वर्षी 'डोंगराचा डोळा' या महाग्रंथाचा अकरावा व शेवटचा खंड नदीकाठी आला आणि त्यापायी दोन राज्यांवर काय प्रसंग गुदरला, त्याची हकीकत लिहून ठेवावी ऐसी हुजुरांची आज्ञा जाहली. आज्ञेप्रमाणे लिहितो. लिहिणार हा ग्रंथावरची धूळ झाडण्याचे चाकरीवर आहे, लढाईत कधी गेला नाही, यास्तव लढाईचे वर्णन थोडे आणि ग्रंथाचे फार येईल, ते सांभाळून घ्यावे.

आधी पूर्वपीठिका. नदीच्या अलीकडे आमचे राज्य, पलीकडे सुभानराव महाराजांचे, आणि मध्ये उतार, म्हणजे जेथून घोडा पायाने पार होतो ती जागा. त्या उतारावरून आधी कोणाचा हत्ती जावा हा तंटा. आजे भांडले, बाप भांडले, आणि हत्ती दोन्हीकडचे म्हातारे होऊन मेले तरी तंटा राहिला. मग आमचे हैबतराजे गादीवर आले आणि मोठी लढाई जाहली. त्या लढाईत राजांचे धाकटे बंधू भवानजीराजे, वय वर्षे वीस, भाद्रपदाच्या पुरात घोडा घालून गेले, आणि घोडा पलीकडे निघाला, स्वार निघाला नाही. धाकट्या राजांस पोहता येत नव्हते. दोन्हीकडच्या लोकांनी लढाई थांबवून चाळीस दिवस पात्र धुंडिले, सुभानराव महाराज स्वतः काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले, परंतु प्रेत सापडले नाही. मातुश्री गोजराऊसाहेब यांनी पतीमागे कुंकू पुसिले होते, परंतु पुत्राचे तेरावे घालू दिले नाही. बोलिल्या की जे सापडले नाही त्याचे तेरावे कसले. एकेचाळिसावे दिवशी लढाई पुन्हा लागली.

ऐसे असता दूरदेशीचा जासूद भर लढाईत उतारावर येऊन उभा राहिला. त्याजपाशी मेणकापडाचे एक बोचके, वर लिहिले की 'नदीकाठचे राजे यांसी'. ग्रंथकर्ते तिकडे फार लांब एका गडावर राहात, त्यांस इकडे दोन राज्ये आहेत हे ठाऊक नव्हते, एक नदी म्हणजे एक राजा ऐसे समजून त्यांनी एकच प्रत धाडिली होती. बोचक्यात खंड पहिला आणि एक हस्तिदंती सुरी निघाली. सुरी कशास, तर ग्रंथ शिळाप्रेसवर छापून घडी घातलेला, कडा न कापिलेल्या, आणि आठ आठ पानांची एकेक घडी सुरीने कापिल्याखेरीज आत काय आहे ते वाचता येईना. मग राजा कोण आणि बोचके कोणाचे यावर तलवारी उपसल्या, आणि वडील माणसांनी मध्ये पडून तोड काढिली की ग्रंथ आमच्याकडे राहावा आणि सुरी त्यांच्याकडे, म्हणजे एकाने दुसऱ्यास सोडून पुढचे वाचू म्हटले तरी वाचवणार नाही. आणि खरे खोटे पाहावे म्हणून पहिली घडी तेथेच वाळूच्या बेटावर कापिली, आणि आमच्या त्र्यंबकभट वाचकांनी उभ्याने वाचिली. धुक्याच्या राजाने डोंगराचा डोळा चोरून नेला, डोंगर आंधळा जाहला, त्यास आपल्या नद्या दिसेनात, आणि तुळी नावाची धनगराची पोर तो डोळा परत आणावयास निघाली, येथवर आठ पाने संपली. दोन्ही सैन्ये ऐकत उभी राहिली होती. दुपारचे जेवण कोणास आठवले नाही. मग दुसरी घडी कापा म्हणून दोन्हीकडून ओरड जाहली, आणि संध्याकाळी तह जाहला तो येणेप्रमाणे, की हा ग्रंथ वाचून संपे तोवर कोणी शस्त्र उचलू नये, आणि संपला की दुसरे दिवशी सूर्योदयी तंटा जेथे राहिला तेथून पुढे चालू. वाडवडिलांची शपथ घालून शिक्के जाहले. शहाण्यांस वाटले, एक ग्रंथ तो काय, चातुर्मासात संपेल.

तो पंचवीस वर्षे संपला नाही. दोन-तीन वर्षांनी एकेक खंड येई, मग हिवाळ्यात बेटावर डेरा पडे, आमचा वाचक वाची आणि त्यांचे सुरीदार कापीत, आणि खंड संपला की लोक घरोघर जाऊन पुढे काय होईल यावर पुढला खंड येईतो भांडत. ग्रंथकर्ते वयाने थोर, म्हणून दोन्ही दरबारांस त्यांच्या प्रकृतीची मोठी काळजी. आम्ही मध पाठविला तर त्यांनी दुलई पाठविली, त्यांनी वैद्य पाठविला तर आम्ही दोन पाठविले. सातव्या व आठव्या खंडाचे मध्ये चार वर्षे गेली तेव्हा दोन्ही राज्यांत देव पाण्यात बुडवून ठेविले होते.

आणि याच ग्रंथाने दोन्ही राज्यांत दोन पक्ष जाहले. तिसऱ्या खंडाचे अखेरीस वारंग नावाचा नावाडी तुळीस पार उतरवून आपण भोवऱ्यात पडतो, आणि पुढे सात खंडांत त्याचे नाव नाही. सुभानराव महाराजांचे मत की तो मेला. गोजराऊसाहेबांचे मत की जिवंत आहे. महाराज म्हणत, भोवऱ्यात पडलेला निघत नाही, हातच्या कांकणाला आरसा कशाला. आऊसाहेब म्हणत की नावाडी आहे, पोहता येते, आणि प्रेत सापडल्याचे ग्रंथात कोठे लिहिले आहे ते दाखवा. हा वाद वीस वर्षे चालला. सोयरिकी त्यावर मोडल्या, एका घरी तर नवराबायकोच्या चुली वेगळ्या जाहल्या. लिहिणार जिवंतपक्षाचा आहे, हे छपवीत नाही. आणि दोन्ही तीरांवर लहानथोरांस ठाऊक होते की आऊसाहेब नावाड्याविषयी बोलतात तेव्हा नावाड्याविषयीच बोलत नाहीत. हे ठाऊक असून सुभानराव महाराज हट्ट सोडीत नसत, याचा लिहिणारास राग येत असे.

ऐसा पूर्ववृत्तांत. मग सव्विसावे वर्षी मार्गशीर्षात अकरावा खंड आला, आणि त्यासोबत ग्रंथकर्त्यांचे पत्र की 'ग्रंथ येथे संपला. आता मजला मध पाठवू नये.' पंचवीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो शेवट दारी आला, तेव्हा तो नको ऐसे सर्वांस वाटले. आधी वाटले ते ग्रंथासाठीच, की आता तुळी नाही, डोंगर नाही, हिवाळ्यात करावे काय. मग एका वृद्ध मुत्सद्द्याने तहाचा कागद आणून पुढे ठेविला, आणि राजांनी त्यातील 'सूर्योदयी' या शब्दावर बोट ठेविले. मुदत वाढवून मागावी तर आधी मागेल तो भ्याला ऐसे होईल, म्हणून आम्ही मागेना, आणि पलीकडेही तेच. दोघेही ताकाला जाऊन भांडे लपविणारे. आमचा वकील तिकडे गेला तो हवापाण्याचे बोलून आला, आणि त्यांचा वकील इकडे येऊन आमच्या आंब्यांस यंदा मोहोर कसा येईल ते विचारून गेला. उताराचे कोणी नाव काढिले नाही.

मग वाचन सुरू जाहले, आणि ऐसे सावकाश वाचन या नदीने पूर्वी ऐकिले नव्हते. दर बैठकीस पाच घड्या व्हावयाच्या तेथे एक होऊ लागली. त्र्यंबकभटांचा घसा बसला. तो बरा जाहला तर सुरीची धार गेली म्हणून सुरी पलीकडे धारेस गेली ती आठ दिवस आली नाही, हस्तिदंतास धार ती किती, परंतु आम्ही विचारिले नाही. खंडाचे आरंभी नकाशा होता तो एक दिवस उलगडून दाखविला, दुसरे दिवशी मिटला. ग्रंथात जागोजाग गाणी असत, आणि खरे लिहावयाचे तर ती गाणी दहा खंडांत कोणी ऐकिली नव्हती, 'येथे गाणे आहे' ऐसे म्हणून वाचक पुढे जात. आता सर्व कडवी चालीवर होऊ लागली. धुक्याच्या राजाच्या सैन्यातील घोड्यांची नावे चार पाने होती, ती दोनदा वाचिली आणि सुभानराव महाराजांनी त्यातील एका घोड्याविषयी शंका काढिली, तेव्हा तिसऱ्यांदा वाचिली. परंतु कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहात नाही. घड्या कमी होत चालल्या, आणि दोन्ही तीरांवर लोहारांचे भाते सुरू जाहले ते डेऱ्यात ऐकू येत.

इकडे गोजराऊसाहेबांचे वय ऐंशीवर, पौषापासून अन्न उतरेना. मेण्यातून डेऱ्यात येत, आणि उशीला टेकून ऐकत. वैद्याने राजांस एकीकडे घेऊन सांगितले की आंब्याचा मोहोर पाहतील, आंबा पाहणार नाहीत. राजांनी हे कोणास सांगितले नाही. परंतु आऊसाहेबांस वैद्याच्या तोंडावरून कळले, आणि एके दिवशी बाराव्या गाण्याचे सातवे कडवे चालले असता त्यांनी हात वर केला आणि वाचन थांबविले. डेरा रिकामा करविला आणि पुत्रास जवळ बसवून घेतले. मेण्याचे पडद्याआड लिहिणार ग्रंथ सांभाळीत बसला होता, त्यास कोणी ऊठ म्हटले नाही, म्हणून पुढील भाषण कानी ऐकिले तसे लिहितो.

आऊसाहेब बोलिल्या, "हैबता, हे घोडे आणि गाणी कोणासाठी चालली आहेत?"

राजांनी तहाचे सर्व सांगितले. शेवटची घडी वाचिली की दुसरे दिवशी लढाई, आणि पाच हजार माणूस इकडे आणि पाच हजार तिकडे उभे आहे, आणि या दहा हजारांत लढाई पाहिलेला शंभरांत एक नाही, कारण पंचवीस वर्षांत जे जन्मले ते ग्रंथ ऐकतच वाढले. ते लढाईस भीत होते, आणि ते त्यांनी मातुश्रींपाशी कबूल केले.

आऊसाहेब बोलिल्या, "मला लढाईतले कळत नाही. एका माणसाचे काय झाले, एवढे मला जाण्यापूर्वी कळू दे. बाकी मी काही मागितले आहे का तुझ्याजवळ?"

राजे म्हणाले, नाही मागितले. आणि बाहेर येऊन त्र्यंबकभटांस आज्ञा केली की उद्यापासून गाणी गाळावी.

मग दिवसास सहा सहा घड्या होऊ लागल्या. पलीकडच्यांस वाटले, आम्ही लढाईस उतावीळ जाहलो, म्हणून त्यांनी तोफा काठावर आणिल्या, आणि त्यांनी आणिल्या म्हणून आम्हीही आणिल्या. ग्रंथातही तुळी धुक्याचा मुलूख ओलांडून डोंगराचे पायथ्याशी पोहोचली. माघ शुद्ध दशमीस सकाळी शेवटच्या दोन घड्या राहिल्या. त्या दिवशी बेटावर जे लोक जमले ते कधी जमले नव्हते. शिपाई हत्यारबंद होते, आणि त्यांचे मागे त्यांच्या आया भाकरी बांधून आल्या होत्या, कारण शेवट त्यांसही ऐकावयाचा होता, आणि पोरांस निरोपही द्यावयाचा होता. गर्दीत अलीकडली कोण आणि पलीकडली कोण हे राहिले नाही. पलीकडची एक बाई आऊसाहेबांच्या मेण्याशी रेटली गेली ती तेथेच बसली, आणि आऊसाहेबांस घाम आलेला पाहून पदराने वारा घालू लागली.

त्र्यंबकभटांनी दोहोंतली पहिली घडी वाचिली. तुळी शिखरावर चढली, आणि तिने डोळा डोंगराच्या खोबणीत बसविला, आणि पाषाण हलला, आणि मग ग्रंथात ऐसे आहे की 'डोंगराने डोळा उघडिला, आणि आपली थोरली नदी पाहिली, आणि नदीचे दूरच्या वळणावर एक नाव येताना पाहिली, आणि त्या नावेत', आणि येथे पान संपले. पुढील आठ पाने घडीत.

जिवंतपक्षाचे लोक एकमेकांचे हात धरून उभे राहिले, लिहिणारानेही एकाचा धरिला, कोणाचा ते ठाऊक नाही. रिवाज सुरीदाराने कापावे ऐसा, परंतु शेवटची घडी म्हणून सुरी सुभानराव महाराजांनी स्वतः घेतली आणि ग्रंथापाशी आले. ग्रंथ आऊसाहेबांस नीट ऐकू यावा म्हणून मेण्याशेजारीच चौरंगावर होता. महाराजांनी सुरी घडीत घातली. तेवढ्यात आऊसाहेबांनी वारा घालणाऱ्या बाईस हळूच विचारिले, तुझे कोण आहे यांत. बाई म्हणाली, दोन लेक आहेत, दोघेही उद्या पहिल्या तुकडीत.

आऊसाहेबांनी विचारिले, "पोहता येते का त्यांना?"

बाई म्हणाली, "न्हाई जी. शिकावंच लागलं न्हाई कधी."

मग आऊसाहेबांनी मेण्यातून हात काढिला आणि सुरीखाली घडीवर ठेविला. हात वाळलेला, जपाची माळ कोपरापर्यंत सरकलेली. महाराज सुरी तशीच धरून राहिले. आऊसाहेब बोलिल्या, "राहू द्या."

महाराजांस वाटले, थकल्या असतील. म्हणाले, आऊसाहेब, आठच पाने आहेत, लगेच होतील. आऊसाहेब म्हणाल्या, "ठाऊक आहे. मला नाही कळले तरी चालेल. हिची पोरे घरी जाऊ द्या." हे बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहात होते आणि ते त्यांनी पुसले नाही. ग्रंथाकडे त्यांनी पाहिले ते, ज्यास भूक आहे तो दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो तसे पाहिले, आणि हात काढिला नाही.

महाराजांनी सुरी मागे घेतली, पुसण्यासारखे काही नसता शेल्यास पुसली, आणि म्यानात घातली. मग ते मेण्यापाशी गुडघे टेकून बसले. वय त्यांचेही साठीचे, गुडघे वाजले ते सर्वांनी ऐकिले. आणि वीस वर्षांत जे कोणी ऐकिले नव्हते ते बोलिले.

"आऊ, वारंग जिवंत आहे. मी उगाच हट्ट धरला."

वाद वीस वर्षांचा, तो ऐसा फुकट जिंकणे आऊसाहेबांच्या स्वभावात नव्हते. म्हणाल्या, "पुरावा काय?"

महाराज म्हणाले, "प्रेत सापडले नाही. मी स्वतः पाण्यात उभा होतो."

यावर आऊसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेविला. दोन्ही तीरांचे लोक हे पाहात उभे होते, आणि मग कोणीतरी भाकरीची शिदोरी सोडिली, आणि ज्याच्या हाती भाला होता त्याने तो भाकरी घेण्यासाठी वाळूत रोविला. त्या दिवशी मृतपक्ष मोडला. तहाचे काय, तर मुत्सद्द्यांनी कागद पुन्हा वाचिला आणि निर्णय दिला की ग्रंथ वाचून संपे तोवर शस्त्र नाही, आणि ग्रंथ वाचून संपला नाही, सबब काही करणे नाही. इतके सोपे होते ते मार्गशीर्षापासून कोणास सुचले नाही, याची मुत्सद्द्यांस लाज वाटली नाही, लिहिणारास वाटली.

गोजराऊसाहेब माघ वद्य षष्ठीस सकाळी वारल्या. मोहोर पाहिला होता. सुभानराव महाराज नदी उतरून खांदा द्यावयास आले, आणि उतारावरून आधी कोणी जावे हे त्या दिवशी कोणी पाहिले नाही, पुढेही पाहिले नाही. आऊसाहेबांचे तेरावे जाहले, आणि भवानजीराजांचे आऊसाहेबांनी घातले नव्हते म्हणून राजांनीही घातले नाही. त्या चैत्रापासून दोन्ही तीरांवरच्या पोरांस पोहावयास शिकवावे ऐसा हुकूम जाहला, तो अद्याप चालतो.

आता थोडक्यात. महाग्रंथ खंड अकरा, त्यात आठ पाने न कापिलेली. दरसाल हिवाळ्यात बेटावर डेरा पडतो, पहिल्या खंडापासून वाचन होते, गाणी सर्व होतात, आणि शेवटच्या घडीशी आले म्हणजे सुरी बेटावरच्या सर्वांत वडील बाईपुढे धरितात, आणि ती 'राहू द्या' म्हणते. आजवर कोणी दुसरे म्हटले नाही. ग्रंथकर्त्यांस हे कळले तेव्हा त्यांनी लिहिले की मध पाठविण्यास हरकत नाही. आणि एक कबुली लिहिल्यावाचून बखर पुरी होणार नाही. धूळ झाडताना एके वर्षी घडीची खालची कड थोडी फुगली, आणि लिहिणाराने, माणूस आहे, एक डोळा मिटून आत पाहिले. अंधारात एकच शब्द दिसला. वारंग ऐसे लिहिले होते. मग लिहिणाराने दुसराही डोळा मिटला आणि ग्रंथ फडक्यात बांधून जागेवर ठेविला. बहुत काय लिहिणे, त्याचे नाव तेथे आहे.